टाकीतलं पाणी चार बोटं खाली

निवृत्त झाल्यावर बाबांनी आमच्या रिसोडच्या घरी, बैठकीत, माशांची मोठी काचेची टाकी बसवली. तिच्या तळाच्या भोकात एक पाईप उभा खोचलेला होता. पाणी त्याच्या तोंडापर्यंत चढलं की आत पडून खालच्या छोट्या टाकीत जायचं आणि तिथून पंप ते पुन्हा वर चढवायचा. पण पाईप इतका लांब होता की वरच्या टाकीतलं पाणी काठाला टेकलेलं असायचं. एका सकाळी एका माशानं उडी मारली आणि तो थेट आई निवडत असलेल्या मेथीत पडला.

"आवो, माह्या भाजीत मासा तडफडून राह्यला! पाणी खाली करा, नाई तं टाकी वावरात नेऊन ठेवा!"

मासा वाचला. पाईप चार बोटं कापायचं ठरलं.

"पण पाईप काढला तं सारं पाणी खाली जाईन," मी म्हटलं.

"मी भोकावर हात दाबून धरतो. तू काप."

बाबांनी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेलं. त्यांच्यापुढं बोलायची सोय नव्हती. पंप बंद केला. बाबांनी खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला, पाईप उपटून मला दिला आणि भोक दाबलं. मासे लगेच त्यांच्या कोपराला लुचू लागले.

"गुदगुल्या करून राह्यले लेकाचे. लवकर आटप."

मी ओसरीत करवत चालवत होतो, तेवढ्यात फाटक वाजलं. कामरगावहून बहिणीच्या सासूबाई आल्या होत्या. लग्नात फोटोला कोण कुठं उभं राहायचं यावरून बिनसलं होतं, त्यानंतर त्या पहिल्यांदाच येत होत्या. बैठकीच्या दारात थांबून त्यांनी गंभीरपणे दोन्ही हात जोडले.

"जयभीम."

विहीणबाईंच्या मानात आता काही कमी पडू नये, म्हणून बाबांनीही दोन्ही हात जोडून मान लववली.

"जयभीम."

भस्सकन पाणी खाली धावलं. छोटी टाकी बघता बघता भरून वाहू लागली. बाबांनी पुन्हा हात घातला, पण तळाची माती ढवळून निघाली होती, भोक काही सापडेना. विहीणबाईंनी पिशवी दिवाणावर फेकली, पदर खोचला आणि बाबांच्या शेजारून आपलाही हात टाकीत घातला.

"सापडलं! पाईप आना पयले!"

मी धावत जाऊन पाईप खोचला. तोवर बाबा आणि विहीणबाई कोपराला कोपर लावून टाकीवर वाकलेले आणि आई पाण्यात उभी. मग विहीणबाई म्हणाल्या, "येका हातानं जयभीम केला असता तं मी काई रुसली नसती."

आधी आई हसली, मग बाबा, मग त्या स्वतः.

त्या दुपारच्या बसनं परतणार होत्या, पण लुगडं भिजलं म्हणून राहिल्या. आईचं लुगडं नेसून संध्याकाळपर्यंत टाकीसमोर बसल्या आणि प्रत्येक माशाचा स्वभाव बाबांना विचारत राहिल्या. लग्नातल्या फोटोंचा विषय कुणी काढला नाही.

टाकी पुन्हा भरून पंप चालू केल्यावर पाणी बरोबर चार बोटं खाली राहिलं. मासे उड्या मारायचे थांबले. फक्त मी पाईप घाईत तिरका कापला होता, त्यामुळे पाणी पडताना गुळगुळ आवाज करतं. आई आजही टीव्ही बघता बघता उठते आणि मोरीतला नळ बंद आहे का ते पाहून येते.