मिस्त्रिणीनं मांडलेलं चाक

मी आणि माझ्या बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे विमानाच्या शेपटीचं चाक खोलणं. देवपूरला, आमच्या ओट्यावर. मी नट सोडायचो. ती एकेक भाग डिझेलमध्ये धुवायची आणि जुन्या गोधडीवर मांडायची.

धुळ्याच्या धावपट्टीवर मी चाळीस वर्षं मिस्त्री, म्हणून गल्ली तिला मिस्त्रीण म्हणायची. मी चौथी शिकलो, तिनं शाळाच पाहिली नाही. पण खोललेले भाग ती बिबड्यांचे पापड वाळत घालावेत तसे ओळीनं मांडायची. जे शेवटी निघालं ते आधी बसवायचं. "ओळ मोडू नका, मिस्तरी. तुम्हना डोकावर मन्हा भरोसा नही."

एकदा मी तिच्याविना, आठवणीवर चाक जोडलं. वाटीसारखी एक चकती उलटी बसली. विमान उतरलं आणि गर्रकन फिरून गवतात गेलं. कोणाला लागलं नाही. घरी येऊन सांगितलं. जेवताना तिनं माझी वाटी ताटात उपडी ठेवली आणि म्हणाली, "आते वरण कशामा वाढू?"

शेवटी ज्याचं चाक खोललं ते विमान दोन माणसांचं, माझ्याच वयाचं. चाकाचा बुश, आसाभोवतीची नळी, झिजला होता. उतरताना चाक थडथड करायचं, सगळं विमान हलायचं. विमान ज्यांचं त्या फ्लाइंग क्लबचे साहेब काठी टेकत घरी आले. म्हणाले, "भाऊ, पुरे आता. त्याला गेटवर खांबावर चढवू, शोभा येईल."

ती आतून बाहेर आली. "साहेब, तुम्हना गुडघाबी वाजस ना? मंग तुम्हलेबी गेटवर उभं करूत का?"

साहेब हसले, पण अडून राहिले. "चाक नीट करून आणा, मी स्वतः तपासतो. डुगडुगलं तर खांबावर."

चाक खोललं त्या दिवशी दुपारी मी नवा बुश बसवला. बाकीचे भाग गोधडीवर होते. चार वाजता ती चहा टाकते म्हणून उठली आणि गॅसपर्यंत पोचलीच नाही. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. संध्याकाळी नदीकाठी तिला अग्नी देऊन आलो.

परत आलो तर ओट्यावर माणसं टेकायला बघत होती. मेहुणा गोधडी गुंडाळायला वाकला.

"हात लावू नको."

"मन्ही बहीण गयी, नि तुम्हले चाकनं पडेल शे?"

"तिनी मांडेल शे. तू रस्तावर बस."

सगळे रस्त्यावर बसले. लोकांना वाईट वाटलं. वाटू द्या. ती ओळ पुन्हा लावणारी आता कोणी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड धुतलं आणि गोधडीपाशी बसलो. दारात मेहुणा, शेजारणी, सगळे बघत होते. मी शेवटच्या वॉशरपासून सुरुवात केली. ओळीच्या मध्यावर ती चकती आली. तिच्याशेजारी मिस्त्रिणीनं माझी जेवणाची वाटी ठेवली होती, सुलटी. चकती तशीच बसवली. ग्रीस भरलं, नट आवळला. चाक दोन्ही हातांनी धरून जोरात हलवलं. डुगडुगलं नाही.

मग मेहुण्याला म्हणालो, "आते उचल गोधडी." चाक सायकलला बांधलं आणि सुतक अंगावर घेऊन धावपट्टीकडे निघालो.