भरल्या गाडीची वाट

आमच्या भुईगावच्या गल्ल्या इतक्या अरुंद, की दोन गाड्या समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावंच लागतं. कोणी जायचं, हे वाडवडिलांनी ठरवून ठेवलंय. रिकाम्या गाडीने भरलेलीला वाट द्यायची. माझे सासरे काशिनाथ, घरात सगळ्यांचे आप्पा. त्यांनी तीस वर्षं बैलगाडीतून केळी बाजारात नेली आणि हा नियम एकदाही मोडला नाही.

मग ते माडावरून पडले. कमरेखालचं अंग गेलं. पुढच्या खोलीतली खाट हेच त्यांचं गाव झालं. वाडी घरापासून पाचशे पावलांवर, पण तीही दिसेना. रोज सकाळी विचारायचे, "ऋतिका, केळीला पाणी दिलं?" मी हो म्हणायची. एकदा स्वतःच्या डोळ्यांनी वाडी बघावी, एवढंच त्यांना हवं होतं. तरी व्हीलचेअर आणली तेव्हा म्हणाले, "मिरवायला मी काय पालखीतला देव आहे?" वर्षभर त्या खुर्चीवर आम्ही वाळलेले कपडे टाकले. मला भयंकर राग यायचा.

दोन हजार एक साली माझी मुलगी रेवा हिच्यासाठी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आला. गाड्यांची शर्यत. बुटक्या गाड्यांत बेडूक, ससा, मांजर बसलेले आणि लाल गाडीत चक्क एक बैल. आप्पा किती दिवसांनी हसले. "जन्मभर ओढली बिचाऱ्याने. आता बसू दे," म्हणाले आणि बैलच घेतला.

हात शाबूत होते, पण शेवटचा नंबर ठरलेला. मागून कोणी आलं की आप्पा गाडी कडेला घेऊन थांबायचे. सशाच्या गाडीत गाजरं, बेडकाच्या गाडीत टरबुजं.

"आजोबा, ती दुसऱ्यांना फेकून मारायला असतात," रेवा कपाळाला हात लावायची.

"असू दे. त्यांच्यात माल आहे. माझी रिकामी आहे."

ते गेमबद्दल बोलत नव्हते. माझं डोकं फिरलं. खुर्चीवरचे कपडे मी जमिनीवर लोटले. "बसा," म्हटलं. माझा अवतार बघून ते तयार झाले. त्यांना खुर्चीत बसवून मी वाडीकडे निघाले.

निम्म्या गल्लीत शेजारच्या सॅन्टनची भाजीने भरलेली हातगाडी समोर आली. "तुम्ही या काका, मी मागे घेतो," तो म्हणाला.

"तुझी भरलेली आहे," आप्पा म्हणाले. "ऋतिका, आपली मागे घे."

मागे घेत घेत मी घराच्या दारापर्यंत आले. "आता आतच घे," ते म्हणाले आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले. चार दिवस त्यांनी गेमलाही हात लावला नाही.

पाचव्या दिवशी रेवाने खुर्ची खाटेजवळ आणली. आप्पांना आम्ही खुर्चीत बसवलं, तेही नाइलाजाने बसले. मग तिने पडवीत टांगलेला केळ्यांचा घड उतरवला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. आप्पांनी तो दोन्ही हातांनी धरला.

गल्लीत त्याच जागी सॅन्टन बाजारातून परतत होता. हातगाडी रिकामी. आप्पा घडाकडे बघत बसले. मी खुर्ची थांबवली.

"सॅन्टन, मागे घे," ते म्हणाले. "माझी भरलेली आहे."

सॅन्टन पार गल्लीच्या टोकाच्या क्रुसापर्यंत मागे गेला.

वाडीत पोचल्यावर त्यांनी वाकून माती चिमटीत घेतली. केळीला दोन दिवस पाणी नव्हतं. सगळ्या वाडीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने त्यांनी मला झापलं, आणि मी रडत रडत ऐकून घेतलं.