काळ्या फडक्याखालून दिसलेली मारामारी

शांत तळ्याचा फोटो काढायला गेलो आणि सख्ख्या भावाचं डोकं फुटताना पाहून आलो. तेही उलटं. भावाचे पाय आभाळात, डोकं खाली, आणि कपाळातून निघालेलं रक्त सरळ वर चाललेलं. जुन्या पेटीच्या कॅमेऱ्याशी ज्याचा संबंध आला असेल त्याला हे लगेच कळेल. बाकीच्यांसाठी सांगतो. तिपाईवर लाकडी पेटी, पुढे भिंग, मागे दुधी काच. आपण डोक्यावरून काळं फडकं ओढून घ्यायचं आणि त्या काचेवर अख्खं जग पाय वर करून उभं असलेलं पाहायचं. माणसं भांडत नसली तर फार सुंदर दिसतं.

तेव्हा मी अकोल्याला शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. शनिवारी दुपारी शाळा सुटली की गाडीत बसायचं, जऊळक्याला उतरायचं आणि तिथून चालत गावी. गावात आमचा भाजीचा मळा होता. तो थोरला भाऊ करायचा. मी फक्त खायचो. त्या आश्विनात दुकान बंद करून निघालेल्या एका फोटोग्राफरचा कॅमेरा माझ्या हाती लागला आणि माझ्या डोक्यात आमचं तळं शिरलं. पाऊस गेलेला, ऊन अजून कोवळं, पाण्यावर शिंगाड्याच्या वेलांची हिरवी चटई, तिच्यावर पांढरी बारीक फुलं, कडेला बगळे. रविवारी पहाटे हे सगळं काचेवर धरायचं, असं ठरवून मी शनिवारी संध्याकाळी घरी पोहोचलो.

दादा ओट्यावर बसला होता. त्याचा एक कान वांग्याएवढा सुजला होता आणि रंगही तोच होता.

"दादा, कान काय झाला?"

"काई नाई."

"काई नाई म्हंते," वहिनी चुलीपुढून बोलली. "भोईनबाईनं बांबू हानला. भावाले नाई सांगान त कोनाले सांगान?"

"हानला नाई. लागला."

"हो ना. बांबू रस्त्यानं चालला होता, ह्यायचा कान मधात आला."

दादानं हातातला तांब्या भिंतीवर फेकून मारला. वहिनीनं तो उचलला, पोचा पाहिला आणि पुन्हा पाणी भरून त्याच्यापुढे ठेवला. आमच्या घरात अशा संध्याकाळी नवीन नव्हत्या.

भांडण पाण्याचं होतं. तळ्याच्या बांधाला दगडी मोरी आणि मोरीच्या तोंडात सागाचा जाड दट्ट्या ठोकलेला. तो काढला की पाणी सुटायचं, आणि सगळ्यात आधी आमच्या मळ्यात यायचं. पण एकदा दट्ट्या निघाला की तळं निम्म्यावर उतरेपर्यंत तो परत बसवणं कुणाच्या बापाला जमायचं नाही. आणि तळ्यात शिंगाडा होता. तो भोईणबाईचा. नवरा गेल्यावर ती एकटीच पीक काढायची. ओला शिंगाडा आसपासच्या बाजारात, वाळवलेला कारंजाच्या व्यापाऱ्यांना उपासाच्या पिठासाठी. तिचं वर्षभराचं खाणं त्या पाण्यावर तरंगत होतं. दाणा भरायच्या आधी पाणी उतरलं तर वेल चिखलात बसणार आणि शिंगाडा सडणार, एवढं शेंबड्या पोरालाही कळत होतं. दादालाही कळत होतं. पण त्याची वांगी माना टाकत होती आणि विहीर तळाला गेली होती.

ह्या भांडणावर गावानं फार पूर्वी तोडगा काढून ठेवला होता. बांधावर सात शेंदरी दगड होते, त्या आसरा. पाण्यातल्या देव्या. भोयानं दाणा भरलेल्या शिंगाड्याची पहिली पाटी आसरांपुढे ठेवायची आणि मगच मोरीला हात लावायचा. त्याआधी लावला तर आसरा त्या घरातलं माणूस पाण्यात ओढतात. एरवी पाटी दिवाळीच्या आत यायची. त्या वर्षी पाऊस उशिरा आला, शिंगाडा मागे पडला आणि बाई पाटी देईना. दादा विचारायला गेला, तेव्हा त्यानं तिची रिकामी पाटी लाथेनं उडवली. कानाची हकीकत इथे पुरी होते.

रविवारी उजाडता उजाडता मी बांधावर तिपाई रोवली. पाण्यावरून धूर निघावा तसं धुकं निघत होतं. मी फडक्यात शिरलो, भिंग पुढे-मागे केलं आणि काचेवर तळं उमटलं. वर पाणी, खाली आभाळ. असा आनंद झाला की मी फडक्यातल्या फडक्यात टाळी वाजवली. तेवढ्यात काचेच्या वरच्या कडेनं दोन माणसं डोक्यावर चालत आली. दादा आणि आमचा सालदार. सालदाराच्या हातात सब्बल म्हणजे लोखंडी पहार, दादाच्या हातात पाटी.

पाटीत शिंगाडे होते. कडेच्या उथळ पाण्यातून दादानंच तोडलेले, बोटाएवढे, कोवळे, हिरवेगार. त्यानं पाटी आसरांपुढे ठेवली, नारळ फोडला, हात जोडले आणि सालदाराला म्हणाला, "झालं. पोचली पाटी. लाव सब्बल."

"मालक, पाटी भोयाच्या हातची पाह्यजे ना?"

"देवी काय हात पाहून खाते का बे? लाव!"

सालदारानं सब्बल दट्ट्याच्या कडीत घातली. लोखंड दगडावर करकरलं, आणि त्या आवाजाला तळ्याच्या पलीकडून उत्तर आलं. अशा शिव्या मी तोवर ऐकल्या नव्हत्या. दादाच्या चार पिढ्यांचा तिनं पाण्यावरूनच निकाल लावला. दोन मोठी मडकी पालथी घालून मध्ये बांबू बांधायचा, त्यावर बसून हातानं पाणी मारत वेलांतून जायचं, अशी तिची होडी. ती धुक्यातून निघाली तेव्हा आधी आवाज आला, मग मडकी, मग बाई. पन्नाशीची, उंच, आणि खांदे गड्याला लाजवतील असे. काठाला लागताच तिनं पाण्यातला खुणेचा बांबू उपसला आणि काही न विचारता दादाच्या कपाळावर घातला.

ओला बांबू डोक्यावर बसतो त्याचा आवाज कोरडा असतो. दादा गुडघ्यावर बसला. मग उठला आणि तिच्या अंगावर गेला. तिनं सालदाराला ढोपरानं मागे ढकललं, दादानं तिच्या मनगटाला पीळ दिला, तिनं त्याच्या सुजलेल्या कानाला दात लावले. तो ओरडला तेव्हा सगळे बगळे एकदम उडाले. मी हे सगळं उलटं पाहत होतो आणि, खोटं कशाला सांगू, भिंग बारीक जुळवत होतो.

पहिल्यांदा दादाचं लक्ष गेलं. "अबे, तू त्या फडक्यात काय करून राह्यला? फोटो काढ! हिचा हात वरतं हाय तवाच काढ! पोलीस पाटलाले दाखवतो."

"काढ मास्तर, काढ!" बाई म्हणाली. "याच्या मानसाची सब्बल दिसली पाह्यजे. पोलीस पाटलाले मीच दाखवतो."

"मग हालू नका," मी ओरडलो.

आणि दोघं थांबली! बांबू हवेत, मूठ हवेत, दोघांच्या छात्या भात्यासारख्या. दादानं रक्त नीट दिसावं म्हणून कपाळ माझ्याकडे वळवलं. बाईनं फाटलेलं लुगडं पुढे ओढलं. तेवढ्यात सालदारानं बोटांनी केस सारखे केले आणि सब्बल खांद्यावर घेऊन दोघांच्या मध्ये छाती काढून उभा राहिला.

"तू कायले मधात?" दोघं एकदम म्हणाली. "सरक!"

सरकला नाही. मी फोटोची काच आत सरकवली आणि भिंगाचं झाकण काढलं. सकाळचा उजेड मंद, काच सुस्त. बराच वेळ धरावं लागलं. ती काच पुढे धुतली तेव्हा तळं पानापानासकट उतरलं होतं, सालदार नवरदेवासारखा स्वच्छ आला होता आणि त्याच्या दोन बाजूंना धुराचे दोन लोट होते. पोलीस पाटलाला दाखवण्यासारखं त्यात कुणाचंच काही नव्हतं.

"झालं का?" दादानं विचारलं.

"झालं."

झालं म्हणताच, मी काच काढून पुन्हा फडक्यात शिरतो न शिरतो तोच, बांबू त्याच्या खांद्यावर उतरला. आता मात्र दादा पिसाळला. त्यानं बांबू हिसकला, गुडघ्यावर मोडला आणि बाईला धरून दगडांवर आपटलं. तिच्या कोपराचं कातडं सोललं. मी फडक्यातून बाहेर आलो, कारण हे उलटं पाहण्यासारखं राहिलं नव्हतं. "दादा, सोड!" म्हणत मी त्याचा हात धरला, तर त्याच हातानं त्यानं मला बांधावरून खाली लोटलं. वर चढून येतो तो सालदारानं दट्ट्या हलवला होता. मोरीतून करंगळीएवढी धार सुटली.

बाई उठली. मला वाटलं, ती मोरीकडे धावेल. ती आसरांकडे गेली. दादानं ठेवलेली पाटी तिनं उचलली, एक शिंगाडा काढला, काट्यांसकट दातांखाली फोडला आणि आतला दाणा न भरलेला गर थुंकला. पांढरं पाणी. मग दुसरा फोडला आणि हा गिळला. मग तिसरा. शिंगाड्याचे काटे ओठांत घुसत होते, हनुवटीवरून रक्त आणि पांढरा चीक एकत्र ओघळत होता आणि ती मुठी मुठी भरून खात होती.

"अवो, काय करून राह्यली?" दादाचा आवाज चिरकला.

"आसराचा घास खाल्ला मी," ती तोंड भरलेल्या आवाजात म्हणाली. "पाटी नाई पोचली. मी खाल्ली. पाप माह्या डोक्यावर. आता लाव मोरीले हात. लाव ना! घरी तुहे लेकरं हायेत ना?"

सालदारानं सब्बल टाकली. नुसती टाकली नाही, दट्ट्यावर दोन लाथा घालून तो होता तसा आत बसवला आणि कान पकडून आसरांपुढे नाक घासलं.

दादाला लेकरं होती, तीन. तो मोरीकडे पाहत राहिला आणि हळूहळू लाल होत गेला. सालदारानं टाकलेली सब्बल त्यानं उचलली. हातात सब्बल, पुढे रक्तानं माखलेली बाई. सब्बल वर गेली. बाई हलली नाही. सब्बल खाली आली ती काठाला टेकलेल्या मडक्यांवर. एक फुटलं. दुसरं फुटलं. तुकडे गडगडत पाण्यात गेले, बुडबुडे काढले आणि बुडाले. बाई गुडघाभर पाण्यात शिरून तुकडे चाचपायला लागली. मडक्यांशिवाय तिला मधल्या खोल पाण्यात जाता येत नव्हतं, आणि पीक सगळं तिथेच होतं.

"आता तोड शिंगाडे," दादा धापा टाकत म्हणाला.

मग सालदारानं नाक घासता घासता विचारलं, "मालक, मंग आता पाटी कोन देईन?"

"म्हंजे?"

"जागा खरकटी झाली ना. आता भोयाच्याच हातची पाटी लागन. भरल्या दान्याची. आन भोईनबाई त पान्यात जाऊ नाई शकत. तुमीच मडके फोडले."

दादानं सब्बलीकडे पाहिलं. आपल्या हातानं आपलंच पाणी बंद करणारा माणूस मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिला. मला हसू फुटलं आणि त्यानं मला दुसऱ्यांदा बांधावरून खाली लोटलं.

दुपारी आमच्या घरात जे झालं त्याचा फोटो काढायची माझी हिंमत नव्हती. वहिनीची दोन मोठी मडकी होती, तुरीच्या डाळीनं भरलेली. दादा कपाळाला फडकं बांधून आला आणि न विचारता डाळ सुपात ओतायला लागला. काय चाललंय ते कळताच वहिनीनं चुलीजवळचा चिमटा उचलला. पाठीवर दोन, दंडावर एक. "फोडायले तिचे, भरायले माहे?" दादा मार खात होता आणि डाळ ओतत होता.

बाई बांधावर वाट पाहत बसली होती. ओठ सुजलेले, कोपराला हळद. तिनं दोन्ही मडकी बोटांनी वाजवली, एकाला कान लावला, पाण्यात पालथं घालून धरलं, बुडबुडे येतात का पाहिलं. बांबू बांधला. पण नवी मडकी कलंडत होती. दादा छातीभर पाण्यात शिरला आणि दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. बाई बांबूवर चढली आणि तोल सावरायला तिनं त्याच्या फुटलेल्या डोक्यावर हात रेटला. तो कळवळला.

"सरळ धर!"

"धरून त राह्यलो, माय!"

"कधी देशीन पाटी?" तो मग विचारायला लागला. "वांगे मरून राह्यले वो."

"दाना भरन तवा. तोवर घागरीनं घाल."

तिनं त्याच्या छातीत पाय देऊन जोरात रेटा दिला. मडकी वेलांत सरकली आणि दादा पाण्याखाली गेला. वर आला तेव्हा डोक्याचं फडकं सुटून शेवाळ्यासारखं लोंबत होतं. तो गळाभर पाण्यात तसाच उभा राहिला, बाहेर येईना. पार मध्ये जाऊन बाईनं एक वेल उचलला, शिंगाडा तोडला, सुजलेल्या ओठांनी जपून फोडला.

"भरला का वो?" दादा ओरडला.

तिनं गर चावून पाहिला, मान वळवली आणि त्याच्या दिशेनं लांब थुंकली. पांढरं पाणी.