सुभेदारांचं घड्याळ अर्धा तास पुढे

सुभेदारांच्या हाताखालचं एकही घड्याळ खरं बोलत नसे. फौजेतून निवृत्त होऊन ते आमच्या इस्लामपूरकडच्या साखर कारखान्यात संगणक विभाग सांभाळायला आले आणि पहिल्याच दिवशी स्टुलावर चढून त्यांनी भिंतीवरचं घड्याळ अर्धा तास पुढे केलं. त्या खोट्या वेळेच्या धाकानं आम्ही सगळे खरोखर वेळेवर येऊ लागलो.

मग नवा सर्व्हर आला. तो लंडनच्या वेळेवर चाले. अपडेट होऊन पुन्हा सुरू व्हायचं काम त्याला मध्यरात्री नेमून दिलेलं; पण लंडनची मध्यरात्र म्हणजे आमची पहाट, वजनकाट्यावर उसाच्या बैलगाड्यांची रांग लागायची वेळ. ऐन गर्दीत सर्व्हरला जोडलेला काटा बंद पडे आणि गाडीवान सुभेदारांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत.

"लंडनच्या घड्याळावर आमचा ऊस तोलायचा व्हय?" म्हणत त्यांनी सर्व्हरचं घड्याळ हातानं साडेपाच तास पुढे ढकललं. वर सवयीनं आपला अर्धा तासही घातला. इंटरनेट ते रात्रीतून गुपचूप मागे ओढी, हे त्यांच्या गावीही नव्हतं; संध्याकाळी मागे पडलेलं दिसलं की ते पुन्हा पुढे ढकलत. त्यामुळे सर्व्हरला एका रात्रीत दोन मध्यरात्री लागू लागल्या आणि काटा दोनदा थांबू लागला. शिवाय रात्रीच्या पावत्यांवर दुसऱ्या दिवसाची तारीख. एक गाडीवान म्हणाला, "सुभेदार, उद्याचा ऊस आजच घातला व्हय आमी?"

पुन्हा गर्दीत काटा थांबला तर घरी बसा, असं कारखान्याच्या साहेबांनी सुभेदारांना सुनावलं. बायको गेल्यापासून सुभेदारांच्या घरात दुसरं माणूस नव्हतं. डबा खाताना मला हळूच म्हणाले, "पोरी, घरी काय भिंतीसंगं बोलू?"

डबा बाजूला ठेवून मी उठले. त्यांच्यासमोरच मी सर्व्हरचा टाइम झोन बदलून भारताचा केला. काम मिनिटभराचं होतं. सुभेदार स्क्रीनकडे बोट दाखवून म्हणाले, "आता माजा अर्धा तास तेवढा घाल की." मी नाही म्हटलं. दोन दिवस त्यांनी माझ्या डब्यातली चटणी घेतली नाही. काटा मात्र पुन्हा गर्दीत थांबला नाही; सर्व्हरची मध्यरात्र आता आमच्याच मध्यरात्री होई आणि तेव्हा रांग नसे.

पुढे काही हंगामांनी गुडघ्यांनी दगा दिला आणि पुण्याचा मुलगा त्यांना न्यायला आला. निरोपाच्या दिवशी आम्ही खोडी काढली. सुभेदार एकदा तरी आमच्यानंतर यावेत म्हणून विभागातली घड्याळं अर्धा तास मागे घेऊन बरोबर करून ठेवली. पण त्यांच्या मनगटावरच्या, तसंच अर्धा तास पुढे असलेल्या घड्याळाचं आमच्या लक्षातच आलं नाही. आम्ही गेलो तेव्हा ते रिकाम्या सभागृहात हार-नारळाशेजारी एकटेच बसून आमची वाट बघत होते.

दुसऱ्या दिवशी मी कामावर आले, तर भिंतीवरचं घड्याळ अर्धा तास पुढे. गुडघे दुखत असतानाही जाताना ते स्टुलावर चढले होते. मी घाईघाईनं सर्व्हर पाहिला. त्याला त्यांनी हात लावला नव्हता.