सेक्रेटरीबाई अध्यक्ष का झाल्या नाहीत

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. इथे परदेशातल्या आपल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मजकूर मागितला की मी प्रवासवर्णन नाहीतर बागकामावर काहीतरी पाठवून सुटका करून घ्यायचो. आता एक्याऐंशी पूर्ण झाली. बागकामावर लिहिण्यासारखं काही उरलेलं नाही.

मंडळाच्या त्या वेळच्या सेक्रेटरींना तुम्ही पाहिलं असेलच. कार्यक्रम लांबला की स्टेजसमोर उभ्या राहून त्या घड्याळावर बोटाने टकटक करायच्या. "दोन मिनिटं. फक्त दोन." एका गणेशोत्सवात घरं विकणारे एक प्रायोजक आरतीआधी चार बेडरूमच्या घराची माहिती सांगू लागले. बाईंनी घंटा हातात घेतली आणि आरती सुरू केली. प्रायोजकांनाही टाळ्या वाजवाव्या लागल्या. पुढच्या वर्षी ते आले नाहीत.

नावाने त्यांना कुणी हाक मारत नसे. सगळे 'सेक्रेटरीबाई' म्हणत, काही प्रेमाने, बरेच चिडून.

लॉकडाऊनच्या वर्षी त्या आणखी नावडत्या झाल्या. मंडळाची गणपतीची मूर्ती वर्षभर त्यांच्या गॅरेजमध्ये असायची. एका सभासदाला ती घरी नेऊन चार कुटुंबांना आरतीला बोलवायचं होतं. बाईंनी ग्रुपवर लिहिलं, "मूर्ती गॅरेजमधून हलणार नाही. आरती झूमवर." त्यावर जे मेसेज आले, ते तुमच्यापैकी काहींनीच लिहिले होते.

अशा परिस्थितीत त्या अध्यक्षपदाला उभ्या राहिल्या. इतकी वादग्रस्त बाई निवडून येऊ शकेल का, यावर त्या दिवसांत फोनवर दुसरं बोलणंच नव्हतं. त्यांना अध्यक्षपद हवं होतं ते एकाच गोष्टीसाठी. "देशातून मुलांकडे आलेले आईबाबा घरात कोंडले गेलेत, काका. मंडळाने अशा प्रत्येक घरी आठवड्यातून एकदा माणूस पाठवायला हवा. निदान फोन तरी." मी निवडणूक अधिकारी होतो. "बघू, लोक काय म्हणतात," एवढंच म्हणालो.

आता जे लपवलं ते सांगतो. माझ्या पत्नीला विस्मरणाचा आजार झाला होता. मंडळात तिचं गाणं ऐकलेली माणसं तिला वाकून नमस्कार करायची, आणि घरी ती मला ओळखत नव्हती. अंघोळ घालायला गेलो की किंचाळायची, "हा माणूस कोण? याला बाहेर काढा!" मुलगा सिडनीला, पेंडल हिलला. त्याला कळलं असतं तर त्याने तिला वृद्धाश्रमात ठेवायचा आग्रह धरला असता, आणि त्या दिवसांत तिथे भेटायलाही जाता येत नव्हतं. हे कारण खरंच होतं. पण त्याहून मोठं कारण लाज होती.

तिला अंघोळ घालायला याल का, असं विचारायला मी सेक्रेटरीबाईंना फोन केला. त्या चुगली करत नाहीत, हे त्यांचे विरोधकही मान्य करत.

"येते. मंगळवार, शुक्रवार, अकरा वाजता."

"कुणाला कळता कामा नये."

"नाही कळणार."

त्या वेरिबीच्या पलीकडून पॉइंट कुकला आमच्या घरी यायच्या. लॉकडाऊनमध्ये घरापासून पाच किलोमीटरपलीकडे न जाण्याचा नियम होता, पण आजारी माणसाच्या देखभालीसाठी जायला परवानगी होती. बाई तो नियम वाचून, खात्री करूनच आल्या. मास्क, हातमोजे घालून, घड्याळ काढून आत जायच्या. मी दाराबाहेर टॉवेल घेऊन उभा राहायचो.

"काकू, डोळे मिटा. साबण जाईल."

"तू फार हुकूम सोडतेस गं."

"हो, मंडळातले सगळे हेच म्हणतात."

आणि माझी बायको हसायची. कित्येक महिन्यांनी ऐकलेलं ते हसू होतं.

निवडणुकीची सभा एका रविवारी दुपारी झूमवर झाली. मूर्ती न मिळालेल्या सभासदाने स्क्रीनवर एक फोटो दाखवला. आमच्या रस्त्यावर बाईंची गाडी.

"आम्हाला आरती करू दिली नाहीत, आणि स्वतः एवढ्या लांब फिरता? मॅडम, कुठे गेला होता?"

"कामाला."

"कसलं काम?"

"ते सांगणार नाही असा शब्द दिलाय मी."

"शब्द! वा! कुणाला हो?" कुणीतरी मोठ्याने हसलं.

मी त्याच स्क्रीनवर एका चौकोनात होतो. 'त्या माझ्या घरी येत होत्या' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. अधिकाऱ्याने तटस्थ राहायचं असतं, असं मी मनाशी म्हटलं. माझा माईक बंदच राहिला. तो मी सुरू केला तो निकाल वाचायला. बाई थोडक्यात हरल्या. घरोघरी माणूस पाठवायची कल्पना पुन्हा कुणी काढली नाही.

मंगळवारी अकरा वाजता बेल वाजली. "काका, पाणी तापलंय ना?"

जाताना मी त्यांना गाडीपाशी गाठलं. माफी मागायला गेलो आणि तोंडातून निघालं, "तुम्ही सांगून टाकायचं होतं."

त्यांनी घड्याळाचा पट्टा लावला. "मला वाटलं, तुम्ही सांगाल."

त्यानंतरही त्या येत राहिल्या. माझी बायको गेली त्या सकाळी तिचे केस त्यांनीच विंचरले.

पुढे त्या अॅडलेडला, मॉसन लेक्सला लेकीकडे गेल्या. मी फोन करायचो. हवा, गुडघे, टोमॅटो. गेल्या वर्षी शेवटी चार ओळी कागदावर लिहिल्या आणि विमानाचं तिकीट काढलं. निघायच्या आदल्या दिवशी लेकीचा फोन आला. बाई गेल्या होत्या. आजारपण त्यांनी कुणालाच कळवलं नव्हतं.

मी तरीही गेलो. लेकीने चहा केला.

"अंकल, त्या इलेक्शनमध्ये एक्झॅक्टली काय झालं होतं? मॉम खूप हर्ट झाली होती. पण कधी बोलली नाही."

मी कागद पुढे केला. तिला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. "तुम्हीच वाचा ना, प्लीज."

मी चष्मा लावला. 'बाई,' एवढं वाचलं आणि रडू कोसळलं. तिने पाणी आणून दिलं, पाठीवरून हात फिरवला. तिला वाटलं, म्हातारा तिच्या आईसाठी रडतोय. मी कागद घडी करून परत खिशात ठेवला.

त्यावर पुढे लिहिलं होतं: 'त्या दिवशी तुम्ही माझी लाज राखलीत आणि मी तुमची राखली नाही. मला क्षमा करा.'