बसण्याचा नवस

ऑपरेशनला आठ महिने झाले होते आणि मला मारुतीचा राग आला होता. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं तेच आहे. माझी गर्भाची पिशवी खाली उतरली होती. ती काढली आणि खालचा सैल पडलेला भाग टाके घालून आवळला. दीड महिन्यात पूर्ववत व्हाल, असं सांगितलं होतं. टाके भरले, जखम वाळली, दुखणं मात्र गेलं नाही. उभी राहिले की ओढ लागायची, बसले की आत कुणीतरी सुई फिरवतंय असं वाटायचं. जेवण मी ओट्याशी उभ्यानंच उरकायचे. नात मांडीवर यायला बघायची आणि मी काहीतरी निमित्त काढून तिला खाली उतरवायचे. सकाळी डोळे उघडले की पहिला विचार यायचा, अजून एक दिवस काढायचा.

हे दुखणं कशाचं, ते मी आणि नवरा सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. आम्ही राहतो त्या छावणीतल्या शेजारणींना मी हर्नियाचं ऑपरेशन झालं असं सांगितलं होतं. देवगाव रंगारीला, सासरीही तेच. असल्या जागेचं नाव घ्यायचं नसतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. न शिकवताच येत होतं. तपासणीला हे सोबत असायचे. डॉक्टरीणबाई विचारायच्या, दुखतंय का? मी म्हणायचे, थोडंसं. होईल कमी, असं त्या म्हणायच्या. मग मी मान डोलवून बाहेर यायचे आणि रिक्षात एका बाजूवर कलून बसून रडू आवरायचे.

त्यात माझा नवस. ऑपरेशनच्या आधी मी खुलताबादच्या भद्रा मारुतीला बोलले होते की, सुखरूप घरी येऊ दे, अकरा शनिवार तुझ्यासमोर मांडी घालून बसून जप करीन. त्या वेळी वाटलं, बसण्यात काय एवढं? नवस बोललो तसाच फेडायचा, त्यात सवलत मागायची नाही, अशी माझी समजूत. त्यामुळे बसमध्ये उभ्यानं जायचं आणि देवळात दात आवळून बसायचं, असे तीन शनिवार काढले.

चौथ्या शनिवारी माळेचे निम्मे मणीसुद्धा झाले नाहीत. घामानं पाठ भिजली. समोर तो निजलेला मारुती, शेंदरानं माखलेला, निवांत. माझ्या मनात आलं, तू मस्त आडवा पडलायस आणि मला बसवलंयस. मग रागही संपला. मला जगायचंच नव्हतं. एवढंच म्हणाले, देवा, दुखणं ने, नाहीतर मला ने. भिंतीला धरून कशीबशी उठले आणि बाहेर आले.

बाहेर रुईच्या पानांच्या माळा विकणारी एक म्हातारी होती. तिच्या टोपलीजवळच्या पायरीवर मी नेहमीसारखी कलून टेकले. ती जरा वेळ बघत राहिली.

"बाई, पिशवीचं झालंय का तुझं?"

"नाही हो मावशी, हर्नियाचं."

"हर्नियाची बाई अशी एका बाजूवर बसत नाय. मी बसायचे अशी."

मला खोटं बोलण्याचंही त्राण नव्हतं. मी नुसती मान डोलवली. तिनं स्वतःच्या बुडाखालून एक चुंबळ काढली. डोक्यावर हंडा घेताना ठेवतात तशीच, जुन्या लुगड्याची, फक्त ताटाएवढी मोठी. "बस हिच्यावर," म्हणाली. मी बसले. भार कडेला पडला, दुखरी जागा मधे मोकळी राहिली. आठ महिन्यांत पहिल्यांदा मी सरळ बसले होते. मला हुंदका आवरेना.

"दवाखान्यात बी असंच थोडं थोडं म्हनत बसलीस व्हय? त्यांना कसं कळंल? लई दुखतंय म्हनावं."

"आणि नवस? तो मोडला तर?"

"त्यो सोता निजलाय. तुला ताठ बस म्हनंल व्हय?"

पुढच्या शनिवारी ती तिथंच होती, गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत. तिनं मला ओळखलंही नाही. तरी तिला माझ्या वाटेत मारुतीनंच बसवलं होतं, असं मला वाटतं. तुम्हालाही तसं वाटावं, असा माझा हट्ट नाही. मी दवाखान्यात एकटी गेले आणि कुठं, कसं, किती, ते सगळं सांगितलं. टाके ठीक होते, पण आतले स्नायू आखडले होते. व्यायाम सुरू झाले. आज दोन वर्षं होत आली. दुखणं उणं झालं, गेलं नाही. काही दिवस अजूनही तसेच काळे उगवतात. पण ते ने, असं म्हणायचं मी सोडलं. त्याला जेवढं ठेवायचंय तेवढं त्यानं ठेवावं. घरी जुन्या लुगड्याची तशीच चुंबळ वळली आणि उरलेले शनिवार मी तिच्यावर बसून पुरे केले.

मागच्या महिन्यात देवगावला गेले होते. थोरल्या जाऊबाई शेंगा फोडत होत्या. मी हातातल्या कापडी पिशवीतून चुंबळ काढली आणि तिच्यावर बसले. "हर्नियाला चुंबळ कशाला गं?" त्यांनी विचारलं. मी खरं सांगून टाकलं. त्या उठून दार लोटून आल्या.

"माझंबी अंग बाहीर येतंय गं. थोरल्याच्या बारशापासून."

त्यांचा थोरला आता चाळिशीचा आहे. इतकी वर्षं एका घरात सण केले, एकीनं दुसरीला विचारलं नाही. मला माझ्या हर्नियाच्या थापेची अशी लाज कधी वाटली नव्हती.

आठवड्याभरात मी त्यांना दवाखान्यात घेऊन आले. केसपेपर काढताना खिडकीतल्या बाईनं विचारलं, काय त्रास होतोय? जाऊबाईंनी पदर सावरला, माझ्याकडं पाहिलं आणि रांगेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या, "अंग बाहीर येतंय. चाळीस वर्षं झाली." मी डोळे मिटून मारुतीला हात जोडले. आमच्या मागं उभी असलेली बाई पुढं सरकून हळूच म्हणाली, "माझंबी तेच लिहा."