दादा घागरींवर नंबर टाकायचा

माझा भाऊ संपत बुधवारी गेला. घरी मानसं येऊन राह्यलीत, जाऊन राह्यलीत. मला रडू येत न्हाई. म्हनून मोबाईलवर टाइप करून राह्यले.

बहात्तरच्या दुष्काळात भोकरदनहून आमच्या गावात पान्याचा टँकर यायचा. आला की लोटालोटी, घागरी फुटायच्या. मंग ठरलं, घागरीवर खडूनं नंबर टाकायचे, त्याच्यापरमानं भरायचं. आमच्या बौद्धवाड्यात दादा नंबर टाकायचा, वरल्या आळीत रामकिसन. पयल्या दिशी दोघांनीबी एकापासून सुरू केलं. टँकरपाशी एक नंबरच्या दोन घागरी! शिव्या सुरू.

"पयला आमचाच," रामकिसन म्हने.

"घे बाबा पयला," दादा म्हनला. "तू एक, तीन, पाच टाक. म्या दोन, चार, सहा टाकतो. पन तुह्या एकामागं आमचा दोन आला पायजे, तीन न्हाई."

"लई हुशार झाला रे!"

"मंग तू घे दोन."

रामकिसन हासला. तवापासून तसंच चाललं. एकच नंबर दोन घागरीवर कधी आला न्हाई.

नंबर टाकनाऱ्यानं आपली घागर शेवटी ठेवायची, हेबी दोघांनी ठरवलं. न्हाई तर लोक बोलतील.

मंग बेबीनंदा वयनी बाळंत झाली. मी म्हनलं, "दादा, आज तरी आपली आधी लाव."

"न्हाई."

त्या दिशी रामकिसनची घागर भरली अन् दादाच्या नंबरला पाईप कोरडा. रिकामी घागर घेऊन आला. वयनी भिंतीकडं तोंड करून निजली. लेकरू तसंच, न धुतलेलं. शेजारच्या पुष्पाबाईनं पेयापुरतं तांब्याभर देलं. हे लिहितानी बी काई वाटून न्हाई राह्यलं.

दुसऱ्या दिशी दादानं तीच घागर सगळ्यांच्या म्होरं ठेवली. वरल्या आळीचे वरडले, "काहून रे, आज तूच पयला?"

"कालचा राह्यलेला नंबर हाये. तो भरल्याबिगर आजचा एक लागत न्हाई."

"असं कुठं असतं व्हय!"

सगळे रामकिसनकडं पाहू लागले. त्यानं खाली बसून घागरीवरला खडूचा नंबर पाह्यला.

"कालचाच हाये," म्हनला. "माह्या मागचा. भरू द्या."

घागर म्याच डोक्यावर आनली. पुष्पाबाईनं पानी कोमट करून लेकराला नाहू घातलं. दादा पाह्याला आला न्हाई. वाड्यातल्या घागरी अजून भरायच्या व्हत्या.